गिटार आपली, शब्द उसने

मराठी रॉक आलं, अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत छापून येते. फोटोत काळा टी-शर्ट, गळ्यात गिटार, कपाळावर बुक्का. हल्ली असला मजकूर दिसला की डोकं तडकतं.

मुंबईचं रंगभवन, 1986 पासूनचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, रॉक मशीन बँडचं इंडस क्रीड होणं, 2010 साली पुण्यात सुरू झालेला वीकेंडर महोत्सव हे सगळं घडलं आपल्याच अंगणात. त्यात मराठी माणसं होती, मराठी नव्हती. पुण्याच्या अग्नी बँडनं हिंदी धरली.

मग अभंग रिपोस्ट हा बँड आला. मुंबईची ही मंडळी वाजवतात झकास. भजनाचा ठेका न मोडता त्यावर गिटार चढवायचं भान त्यांना आहे. सिनेमाचा टेकू नसतानाही मराठी शब्दांवर पोरं नाचतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पण शब्द चारशे वर्षांपूर्वीचे. तुकोबांच्या ओळीला नावं ठेवायची कुणाची छाती आहे? गाणं फसलं तरी टाळ्या ठरलेल्याच. आता त्यांच्या मागून निघालेला प्रत्येक कॉलेजचा बँड हीच पळवाट धरतो.

आपला आवाज ऐकायचा तर कर्जत तालुक्यातल्या आमच्या कशेळ्याच्या बाजूला हळदीच्या रात्री बेंजो पार्टी ऐका. जपानात नागोयाला 1912 च्या सुमारास निघालेलं ताइशोगोतो हे वाद्य इकडे येऊन बुलबुलतरंग झालं, त्यालाच आम्ही बेंजो म्हणतो. पुढे कुणीतरी त्याला पिकअप लावला आणि आमच्या पोरांनी तो आवाज मुद्दाम फाडला. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात पत्ती, शेजारी कच्छी ढोल, पॅड आणि टेम्पोवर रचलेले स्पीकर. नवरदेवाचा मामा नाचून दमला तर वादक चाल खाली उतरवतो आणि तो पुन्हा उठला की एका झटक्यात वर नेतो. समोरच्या गर्दीवर इतकी पकड वीकेंडरच्या मंचावर क्वचितच दिसते. यांना ना कंपनी, ना मॅनेजर. सुपारी स्वतः घ्यायची, दिवसा कामाला जायचं आणि रात्री वाजवायचं. स्वतंत्र बँड म्हणतात तो हाच की! पण रवी जाधवांच्या 2016 च्या ‘बँजो’ सिनेमातही यांची पारख करायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागली.

बेंजोला आवाज आहे, शब्द नाहीत. तो सिनेमाच्या चालींवर जगतो. शब्द सापडतात ते रॅपवाल्या स्वदेसीकडे. 2019 च्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये त्यांनी मुंबईत आरेच्या पाड्यावरच्या प्रकाश भोईरांना सोबत घेतलं आणि गाणं थेट जमिनीवर आणलं. गिटारवाल्यांना हे का जमू नये?

विषय नाहीत म्हणता? आमच्याच तालुक्यातल्या भिवपुरीच्या टाटा वीजघरातली वीज 1922 पासून मुंबईला जाते आहे. त्या विजेचे मनोरे पाडणारे क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर मारले गेले. आज कर्जत तालुक्यात फार्महाऊसच्या कुंपणांमागे शनिवारी रात्री डीजे दणाणतो आणि ठाकर-कातकरी तिथे राखणदार असतात. यावर एक तरी गिटार वाजली का?

तुकोबा आवडतात ना? मग त्यांनी काय केलं तेही बघा. आपलं दिवाळं, दुष्काळ, अन्न अन्न करत गेलेली बायको हे सगळं त्यांनी अभंगात आणलं. ते काही आधीच्या संतांच्या ओळींना नवी चाल लावून थांबले नाहीत. तुम्ही तुमच्या कर्जाचं लिहा, लोकलचं लिहा, विकलेल्या जमिनीचं लिहा. आणि बेंजोवाल्याला एका गाण्यापुरता पाहुणा म्हणून मिरवू नका. त्याला बँडमध्ये घ्या, बिदागी बरोबरीची द्या आणि पोस्टरवर त्याचं नाव गायकाच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात छापा.