नवजात अर्भकाच्या मेदाचे प्रतिमामापन : एका निष्कर्षाची चिकित्सा

भारतीय अर्भक जन्मतः हलके असते, तथापि मेदाच्या बाबतीत ते उणे नसते, हे विधान वैद्यकीय वाङ्मयात आता इतके रूढ झाले आहे की, ते कोणत्या मापनावर उभे आहे याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. या विधानाचा जन्म आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झाला. पुढे त्याला जी बळकटी मिळाली, ती चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण एमआरआय म्हणतो त्या पद्धतीच्या, प्रतिमांमुळे मिळाली. या प्रतिमांनी नेमके काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम मूळ पुरावा पाहू. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांशी केली. हा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याकडील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनचे ३.५ किलो. साधने अगदी साधी होती : तराजू, फीत आणि त्वचेची घडी चिमटीत धरून मोजणारा कॅलिपर. साउदॅम्प्टनच्या सरासरीपासून पुण्याची अर्भके किती खाली आहेत हे प्रमाण विचलनाच्या एककात मांडले असता असे दिसले की, सर्वांत मोठी तूट पोटाच्या घेरात आहे (२.३८), आणि सर्वांत लहान तूट खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेच्या घडीत आहे (०.५३). स्नायू आणि पोटातील अवयव खुंटलेले, पण त्वचेखालचा मेद पुष्कळसा राखलेला, असा या अर्भकाचा नकाशा निबंधकारांनी काढला. तो पटण्यासारखा होता.

परंतु कॅलिपर काय मोजतो? दोन पदर कातडीचे आणि त्यांच्या मधला मेद, तोही शरीराच्या एकदोन ठिकाणचा. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेल्या मेदापर्यंत त्याची चिमटी पोहोचत नाही. आणि प्रौढांमधील मधुमेहाशी ज्याचा संबंध विशेष जोडला जातो, तो मेद नेमका तेथलाच. हवेच्या विस्थापनावरून घनता काढणारी पेटी अर्भकाचा एकूण मेद चांगला सांगते, पण तो कोठे आहे हे तिला कळत नाही. दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांची पद्धत हात, पाय आणि धड वेगळे दाखविते. धडातील त्वचेखालचा मेद आणि पोटाच्या आतला मेद यांची मात्र ती सरमिसळ करते. मेद कोठे आहे, हा प्रश्न विचारावयाचा तर प्रतिमेवाचून गत्यंतर नाही.

एमआरआयची युक्ती अशी. पाण्यातील आणि मेदातील हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात सारखी वागत नाहीत. त्यामुळे योग्य क्रम योजला म्हणजे मेद प्रतिमेत उजळ उमटतो. डोक्यापासून पायापर्यंत आडवे छेद घ्यावयाचे, प्रत्येक छेदातील उजळ भागाचे क्षेत्रफळ मोजावयाचे, त्याला छेदाच्या जाडीने गुणावयाचे, की घनफळ हाती येते. क्ष-किरणांचा संसर्ग नाही. अर्भकाला दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपविले म्हणजे भुलीचीही गरज पडत नाही. (यंत्राचा खडखडाट कानी पडू नये म्हणून कान झाकावे लागतात, पोट भरलेल्या बाळाला यापेक्षा अधिक समजावणीची आवश्यकता नसते.)

नीना मोदी, याज्ञिक आणि सहकारी यांनी २००९ साली ‘पीडियाट्रिक रिसर्च’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात लंडनमधील २९ गौरवर्णीय युरोपीय आणि पुण्यातील ४० भारतीय अशा ६९ निरोगी, पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे संपूर्ण शरीर या रीतीने तपासले होते. भारतीय अर्भके सरासरी अर्ध्या किलोहून अधिक हलकी होती. तरीही दोन्ही गटांतील एकूण मेद-ऊतीचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. विशेष म्हणजे पोटाच्या भागातील तिन्ही कप्प्यांत, वरच्या त्वचेखालच्या थरात, खोल थरात आणि पोटाच्या आत, भारतीय अर्भकांचा मेद अधिक होता. आणि ही अधिकता वजनाच्या प्रमाणात नव्हे, तर प्रत्यक्ष मापात होती.

२००३ चा निबंध शेजारी ठेवून वाचला तरच या निष्कर्षाचे महत्त्व ध्यानात येते. ज्या पोटाचा घेर फितीने सर्वांत खुंटलेला ठरविला होता, त्याच पोटात मेद अधिक आहे, असे प्रतिमा सांगते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात : यकृतादी अवयव लहान असतील, तर मेद अधिक असूनही घेर लहानच राहील. फितीला पोट एक वाटते, प्रतिमेला त्यात अनेक गोष्टी दिसतात. माझ्या मते या पद्धतीचे खरे श्रेय येथे आहे. तिने जुन्या मापाला अधिक दशांशस्थळे जोडली नाहीत, तर जुन्या मापाचा अर्थ बदलून टाकला.

आता शंका. पहिली शंका ‘मेद’ या शब्दाचीच. प्रतिमेत उजळ दिसते ती मेद-ऊती. तिच्यात स्निग्धद्रव्याबरोबर पाणी आणि पेशींचा इतर अंशही असतो. प्रौढाच्या मेद-ऊतीपेक्षा नवजाताच्या मेद-ऊतीत पाणी अधिक आणि स्निग्धद्रव्य कमी असते. शिवाय पाठीत आणि मानेभोवती तपकिरी मेद असतो, आणि त्याची उजळी पांढऱ्या मेदाइतकी नसते. तेव्हा लिटरमध्ये मोजलेली ऊती ग्रॅममध्ये मोजलेल्या मेदाशी बरोबरीने मांडणे सदोष होय. दोन गटांतील ऊतीची घडण सारखी आहे असे गृहीत धरले, तरच ‘सारखी ऊती म्हणजे सारखा मेद’ हे समीकरण टिकते. पूर्ण दिवसांचे पण हलके अर्भक आणि पूर्ण दिवसांचे वजनदार अर्भक यांच्या मेद-ऊतीत पाण्याचा वाटा एकच असेल, हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

दुसरी शंका पोटाच्या आतल्या कप्प्याची. नवजाताचा बहुतांश मेद त्वचेखाली असतो. आतला साठा अत्यल्प. अल्प साठ्याच्या कडा आतड्यांच्या वळशांमध्ये पुसट होतात, आणि कोठे रेघ ओढावयाची हे प्रतिमा वाचणाऱ्याच्या नजरेवर राहते. एकूण मेदाच्या मापात जी चूक नगण्य ठरते, ती येथे मोठी होऊ शकते. हा दोष निबंधकारांचा नाही, पद्धतीचा आहे. परंतु सर्वांत अधिक उद्धृत होते ते विधान याच कप्प्याविषयीचे, म्हणून तो नोंदविला पाहिजे.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती प्रतिमेची नसून तुलनेची आहे. २००३ च्या निबंधातच एक वाक्य आहे, त्याकडे वाचकांचे दुर्लक्ष झाले आहे : दोन्ही समाजांतील सर्वांत हलक्या, म्हणजे वजनाच्या खालच्या दशमांशातील, अर्भकांत त्वचेची घडी तुलनेने राखलेली होती. म्हणजे साउदॅम्प्टनचे हलके बाळही अंशतः त्याच वळणाचे होते! मग मेदाचे रक्षण हा भारतीयत्वाचा गुण, की गर्भावस्थेत पोषण अपुरे पडल्याचा? त्या खेड्यांतील मातांचा शरीरभार-निर्देशांक सरासरी १८.१ होता. साउदॅम्प्टनच्या मातांशी अशा मातांची तुलना केली म्हणजे वंश, उंची, आहार आणि श्रम ही चारही कारणे एका गाठोड्यात बांधली जातात. त्यांतील एकच कारण वेचून काढून ‘भारतीय’ ही पाटी लावणे प्रतिमेच्या अधिकारात बसत नाही.

विरुद्ध पुरावाही सांगितला पाहिजे. सुरीनाममध्ये चारपाच पिढ्या वसलेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतील नवजातांतही हेच वळण आढळल्याचा निबंध २००९ मध्येच प्रसिद्ध झाला. केवळ खेड्यातील दारिद्र्याने या वळणाचा उलगडा होत नाही, असे त्यावरून म्हणता येईल. मात्र तेथील मापे बाह्य शरीराची होती. पोटाच्या आत काय आहे हे त्यांवरून कळत नाही. उलट बाजूला २००८ चा पुण्याचाच निबंध आहे : गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी अधिक मेदयुक्त निघाली. वंश तोच आणि प्रदेश तोच असूनही मातेच्या पोषणाप्रमाणे मेद बदलतो, हे त्यातून दिसते.

ही चिकित्सा केवळ शास्त्रीय शिष्टाचार नव्हे. ‘बाळ हलके असले तरी त्याच्या पोटात मेद आहे’ हे वाक्य दवाखान्यातून घराघरांत पोहोचले, तर दोन किलोच्या बाळाचे दूध आखडते घेणारी आजी आणि गर्भवती सुनेच्या ताटातील भाकरी मोजणारी सासू त्यातून निर्माण होऊ शकते. निबंधकारांचा असा अभिप्राय मुळीच नाही. त्यांचा रोख मातेचे पोषण सुधारण्याकडे आहे. परंतु ‘कृश-मेदस्वी’ असा जो जोडशब्द आपण मराठीत सहज वापरू लागलो आहोत, त्यातला ‘मेदस्वी’ हा शब्द आपल्या कानाला दोषवाचकच ऐकू येतो. मूळ निबंधात सांगितले होते ते मेदाच्या आधिक्याविषयी नव्हे, इतर ऊतींच्या उणेपणाविषयी. आधिक्य सांगितले ते २००९ च्या प्रतिमांनी, आणि तेही फक्त पोटाच्या भागापुरते. पोटाबाहेरील त्वचेखालचा मेद त्याच अर्भकांत कमी होता.

तेव्हा पुढील मापन कसे असावे? लंडनमधील अडीच किलोची आणि पुण्यातील साडेतीन किलोची, अशी दोन्हीकडची पूर्ण दिवसांची अर्भके एकाच क्रमाने तपासावीत, मातांची उंची व वजन जुळवून घ्यावे, आणि प्रतिमा वाचणाऱ्यास बाळ कोणत्या शहरातले हे कळू नये. पोटाच्या आतील कप्पा दोघांनी स्वतंत्रपणे आखावा आणि दोघांच्या आखणीतील फरक निष्कर्षाशेजारीच छापावा.