अल्ट्रासाउंडने जखम भरते? पेपर वाचताना आधी 'कोणाची जखम' ते बघा

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि डोक्यात विषय आहे अल्ट्रासाउंड आणि जखमा. नांदेड-लातूरच्या फिजिओथेरपी ओपीडीत हे मशीन ओळखीचं आहे, आणि मधुमेहामुळे पायाची जखम न भरणारे पेशंटही. विषय चांगलाच आहे. पण आधी दोन पेपर शेजारी ठेवून वाचा.

पहिला 2015 चा, 'जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मटॉलॉजी'मधला. मधुमेही आणि म्हाताऱ्या उंदरांच्या जखमा अल्ट्रासाउंडमुळे लवकर भरल्या. का, तेही दाखवलंय: फायब्रोब्लास्ट पेशींमधलं आरएसी-1 प्रथिन जागं होतं आणि पेशी जखमेकडे सरकतात. नुसता परिणाम न सांगता कारणापर्यंत जाणं, ही या पेपरची खरी ताकद.

दुसरा 2011 चा, बीएमजेमधला व्हीनस-3. ब्रिटन आणि आयर्लंडमधले 337 पेशंट, पायावरचे हट्टी शिरांचे व्रण. नेहमीच्या उपचाराला जोडून 12 आठवडे, आठवड्यातून एकदा अल्ट्रासाउंड. व्रण लवकर भरले नाहीत, खर्च मात्र वाढला.

मग खोटं कोण? कोणीच नाही. उंदराची जखम बरीचशी कातडी आकसून भरते, माणसाची तशी नाही. शिवाय मधुमेहाची जखम वेगळी, शिरांचा व्रण वेगळा. म्हणून 2011 चा निकाल 2015 चा पेपर खोडत नाही, आणि 2015 चा पेपर पेशंटला काही कबूल करत नाही.

डोसही नीट वाचा. व्हीनस-3 मध्ये 0.5 वॅट प्रति चौ.सेंमी. लिहिलंय, पण लहरी 1:4 प्रमाणात तुटक. म्हणजे सरासरी फक्त 0.1 वॅट. आणि पेशींच्या डिशमध्ये लहरी प्लास्टिकवर, द्रवाच्या पृष्ठभागावर आपटून परततात. पेशींना नक्की किती मिळालं हे मशीनचा आकडा सांगत नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'अल्ट्रासाउंडने जखम भरते हे सिद्ध झालंय' असं वाक्य टाकू नका. कोणती जखम, सरासरी डोस किती, तुलना कशाशी, एवढं लिहा. तालुक्याहून दर आठवड्याला येणाऱ्या पेशंटची प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. तुमचं एक सैल वाक्य त्याला महागात पडू शकतं.