सौसर पट्टा : घडी आणि वय

डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये नागपूर जिल्ह्यातील देवलापार येथे घडी पडून दूरवर सरकलेल्या खडकपटाची मांडणी केली. क्षेत्रनिरीक्षणाचा नमुना म्हणून ती आजही अभ्यसनीय आहे. मात्र या खडकांना त्यांनी दिलेले ‘आर्कियन’ हे वय किरणोत्सारी कालमापनाच्या आधाराविना होते. सौसर पट्ट्याचे मुख्य रूपांतरण सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आर्कियननंतर बऱ्याच काळाने झालेले, असे मोनाझाइटच्या कालमापनातून पुढे दिसले. अर्थात रूपांतरणाचे वय म्हणजे गाळ साचल्याचे वय नव्हे. अध्यापनात हा भेद नेमका पुसट होतो. मनसरचे मँगनीज मूळ गाळाबरोबरच साचले व पुढे त्याच्यासह घड्यांत वाकले. घडीचे वाचन चुकले, तर खाणीतील थराचा मागही चुकतो.