कुंपणाच्या आतली विभावरी

आपल्या आळंद-भालकी भागातील मराठी घरांना सोलापूर परके नाही. लग्नाचा बस्ता तिथे बांधायचा, अंगावरच्या चादरी तिथल्याच. परंतु एका थोर मराठी कादंबरीची सामग्रीही त्याच सोलापुरात सापडली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

विभावरी शिरूरकर म्हटले की ‘कळ्यांचे निःश्वास’ आठवतो. शिकलेल्या, मिळवत्या, पण आईबापांचा भार वाहताना स्वतःचा संसार राहून गेलेल्या मुलींचे मन या कथासंग्रहात १९३३ साली उघडपणे आले आणि गहजब उडाला. हे लिहिणारी कोण, याचाच शोध सुरू झाला. टोपणनावामागच्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, बराच काळ पडद्याआड राहिल्या. इजिप्तच्या अलीफा रिफात यांनीही टोपणनाव घेतले. पतीच्या विरोधापायी त्यांची लेखणी काही वर्षे थांबलीही. बाईने मनातले लिहिले की लोक आधी तिचा पत्ता विचारतात, पुस्तक मागाहून वाचतात!

या वादळाने विभावरीबाईंवर एक अन्याय केला, असे माझे मत आहे. त्यांची ‘बळी’ मागे पडली. इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. सोलापूरला त्यांची तारेच्या कुंपणातील वसाहत होती. १९३७च्या सुमारास बाई तेथे अधिकारी म्हणून गेल्या. तेथील मांग-गारुड्यांचे जगणे त्यांनी १९५० साली ‘बळी’त मांडले. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे झाली होती. तो कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ साल उजाडले. ‘कळ्यां’मध्ये बाई आपल्याच वर्गातील मुलींचे दुःख सांगतात. ‘बळी’त त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून त्याच खुर्चीविरुद्ध साक्ष देतात. हे अधिक अवघड.

ही कादंबरी जागोजागी अहवालासारखी वाटते, असा आक्षेप मी तरुणपणी घेत असे. एम.ए.ला तसे लिहिलेही होते. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर एकदा शाळेत फीचे पैसे हरवले. मी सर्वांत आधी ज्या मुलाचे दप्तर उघडले, तो अशाच एका जमातीतला होता. पैसे शिक्षकांच्या खोलीतील खणातच निघाले. मी त्याची माफी मागितली. तो खाली मान घालून उभा राहिला, काही बोलला नाही.

त्या रात्री मी ‘बळी’ पुन्हा काढली. वसाहतीत माणसांची हजेरी घेतली जात असे. हजेरीपट माझ्याही टेबलावर असतो. बाईंना ते कुंपण दिसले, कारण त्याची किल्ली आपल्याच हातात आहे हे त्या विसरल्या नाहीत. मी विसरलो होतो.

मालतीबाई २००१ साली गेल्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ आपल्या लेकींना जरूर द्यावा. ‘बळी’ मात्र आपण थोरांनी आधी वाचावी.