पूर्ववृत्ताचा शुद्ध पाठ

नोकरीवर माणूस घेण्यापूर्वी किंवा घरात भाडेकरू ठेवण्यापूर्वी त्याचे पूर्ववृत्त पाहण्याची रीत जुनीच आहे. अमेरिकेत हे काम आता बहुतांशी व्यापारी संस्था करतात. नाव टंकित करताच माणसाचे पत्ते, खटले आणि देणी यांचा अहवाल ऑनलाइन हाती येतो. अशा सेवांतून विश्वसनीय कोणती निवडावी, हा प्रश्न वरवर बाजारहाटीचा वाटतो. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा आहे. म्हणूनच त्याचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

सामान्य ग्राहक अहवालाच्या विस्तारावरून त्याची योग्यता ठरवितो, आणि दोन-तीन सेवा एकच गोष्ट सांगू लागल्या की ती सिद्ध झाली असे मानतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास यातील दोष सहज उमगेल. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा पोथ्यांची साक्ष एकाच पोथीची असते. या सेवाही पुष्कळदा त्याच न्यायालयीन नोंदी घाऊक प्रमाणात विकत घेतात. नोंद उतरून घेतल्यानंतर आरोपी निर्दोष सुटला, तरी जुनी प्रत फिरतच राहते. सबब पहिली कसोटी ही, की नोंद कोणत्या न्यायालयाची व कोणत्या दिवशी पाहिलेली आहे हे अहवाल सांगतो काय?

दुसरी कसोटी व्यक्तिनिश्चितीची. ट्रान्सयुनियन या संस्थेने अमेरिकन सरकारच्या प्रतिबंधित व्यक्तींच्या यादीशी ग्राहकांची केवळ नावे व आडनावे ताडून पाहिली, आणि निरपराध माणसांच्या अहवालांत त्यांची नावे दहशतवाद्यांच्या वगैरे नावांशी जुळत असल्याची सूचना घातली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या या प्रकरणात असे ८,१८५ लोक होते. त्यांपैकी ज्या १,८५३ जणांचे अहवाल त्रयस्थांकडे गेले, त्यांनाच नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. नावाची यादी अचूक होती. चूक होती ती जुळवणीत. अर्थात्, खरी नोंदही चुकीच्या माणसास चिकटली की असत्य होते.

तिसरी कसोटी उत्तरदायित्वाची. १९७० च्या ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग’ कायद्यान्वये अशा संस्थांनी शक्य तितक्या अचूकतेसाठी वाजवी कार्यपद्धती पाळावयाची असते, आणि संबंधिताने हरकत घेतल्यास सामान्यतः ३० दिवसांत फेरतपासणी करावयाची असते. पुष्कळ शोधसेवा मात्र ‘आम्ही या कायद्याखाली येत नाही’ असे जाहीर करून मोकळ्या होतात. स्पोकिओ या संस्थेने तसेच जाहीर केले होते. तरी तिने आपली माहिती नोकरभरतीसाठी विकल्याचा आरोप होऊन २०१२ मध्ये ८ लाख डॉलरांवर तडजोड झाली. ज्या सेवेत चूक सुधारण्याची वाट नाही, तिच्या आधारावर कोणाची उपजीविका ठरविणे अन्यायाचे होय.

येथे एक आक्षेप संभवतो. व्यक्तिनिश्चितीसाठी जन्मतारीख हवी. परंतु कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयीन ऑनलाइन सूचीत जन्मतारखेवरून शोध घेऊ देणे नियमबाह्य ठरविले. मग सेवेने करावे तरी काय? आक्षेप खरा आहे; पण त्यावरून अंदाजास निर्णयाचे रूप देण्याची मुभा मिळत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली आढळते. ती रेघ संपादकाच्या ज्ञानाची मर्यादा दाखविते, आणि त्यामुळेच उरलेल्या पाठावरचा विश्वास वाढतो. पूर्ववृत्ताच्या अहवालात अशी रेघ असते काय, हे आधी पाहावे. ग्रंथातील चुकीचा पाठ पुढील आवृत्तीत दुरुस्त करता येतो. गेलेली नोकरी तशी परत मिळेलच असे नाही.