घारीची जात

पनवेलच्या खाडीकाठी दोन प्रकारच्या घारी दिसतात. एक मळकट तपकिरी, शेपटीला खाच असलेली. दुसरी विटकरी, डोके आणि छाती मात्र पांढरीशुभ्र. मागे विद्यार्थ्यांना तिथे घेऊन गेलो तेव्हा हातात जुने इंग्रजी पुस्तक होते. त्यात पहिलीचे नाव ‘परिया काईट’ आणि दुसरीचे ‘ब्राह्मिनी काईट’. एका मुलाने विचारले, “सर, घारीलापण जात असते का?” बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही.

परिया म्हणजे तामिळनाडूतील परैयर. पराई नावाचे वाद्य वाजवणाऱ्या या समाजाचे नाव इंग्रजांनी उचलले आणि ‘बहिष्कृत’ या अर्थाने शब्दकोशात घातले. सालिम अलींच्या १९४१ च्या प्रसिद्ध पुस्तकातही रूढ नाव म्हणून ते आले. आता ही विभागणी कशावर? आहारावर म्हणावे, तर दोघीही मेलेले मासे आणि टाकलेली घाण खातात. पण पांढऱ्या डोक्याचीने मेलेले खाल्ले तरी तिचे ब्राह्मण्य बुडत नाही, उलट दक्षिणेत तिला विष्णूचा गरुड मानतात! मेलेली ढोरे ओढायला लावून, त्यांचे मांस खायची पाळी आणून, वर त्याच कारणाने आमच्या बापजाद्यांना विटाळ ठरवले गेले. मृत मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली सांगितले ते आमच्याच जिल्ह्यातल्या महाडला.

आता शास्त्राचे दप्तर पाहू. बोडार्ट या डच प्राणिशास्त्रज्ञाने १७८३ साली एकाच ग्रंथात या दोघींना लॅटिन नावे दिली. तपकिरी ती ‘मायग्रान्स’, म्हणजे भटकणारी. विटकरी ती ‘इंडस’, म्हणजे इकडची. सोवळेओवळे कुठेच नाही. जीवशास्त्र हाडे, पिसे, अंडी आणि अलीकडे डीएनए पाहून नाते ठरवते, आणि त्या हिशेबात या दोघी जवळच्या भावकीतल्या आहेत. गंमत पुढेच आहे. कंपनी सरकारचा अधिकारी कर्नल साइक्स याने दख्खनमधल्या तपकिरी घारीचे वर्णन १८३२ साली प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले ‘गोविंदा’. ते उपजातीचे नाव आजही चालू आहे. म्हणजे बोलीत जी परिया, ती शास्त्रात गोविंदा.

म्हणून शास्त्राची आरती ओवाळावी असे मात्र नाही. जमिनीत राहणारा चिमुकला वाळा साप घ्या. दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ साली त्याला ‘ब्रामिनस’ करून टाकले, ते अजून तसेच आहे. खुद्द लिनियसने १७५८ साली माणसाच्या चार वाटण्या करून युरोपियनाला कायदा आणि आफ्रिकनाला लहर वाटून दिली. मोजमापाच्या जागी पूर्वग्रह बसला की वर्गीकरणाची स्मृती व्हायला वेळ लागत नाही. जात हा वंशभेद नाही, एकाच वंशाच्या माणसांची ती समाजाने केलेली फाळणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले ते अशा ‘शास्त्रा’च्या आधारे जातीचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर म्हणूनच.

नावे बदलत नाहीत असेही नाही. २०२४ साली माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने दोनशेहून अधिक नावांतला ‘काफ्रा’ हा आफ्रिकनांना हिणवणारा शब्द बदलून ‘आफ्रा’ करायचे मतदानाने ठरवले. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र २०२३ मध्येच नैतिक कारणासाठी नाव बदलणार नाही म्हणून मोकळा झाला होता.

आणि आपल्याकडे? ‘परिया’ गुपचूप गेली. नव्या पुस्तकांत ती ‘ब्लॅक काईट’ आहे. पण ‘ब्राह्मिनी’ जागची हलली नाही, आणि मराठीनेही तिचे ‘ब्राह्मणी घार’ असे भाषांतर करून ठेवले आहे. खालच्या जातीचे नाव घेताना लाज वाटू लागली, वरच्या जातीचे घेताना वाटत नाही. जात नको म्हणणाऱ्या सुशिक्षितांची गाडी नेमकी इथेच अडते.

माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत ती आता ‘पांढऱ्या डोक्याची घार’ आहे. हे नाव शास्त्रशुद्ध नाही, अशी हरकत एका सहकाऱ्यांनी घेतली. त्यांना मी लॅटिन नाव लिहून दिले.