मांसावाचून ढोबळी मिरची

विज्ञानकथेतल्या माणसांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ही मंडळी जेवत नाहीत! एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर चुटकीसरशी जातात, अंगाला चापून बसणारे चंदेरी कपडे घालतात, भिंतीशी बोलून दारं उघडतात. पण आज भाजी काय करायची, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही कधी पडत नाही. फार तर एखादी गोळी गिळतात. आता, जेवण म्हणून गोळ्या गिळणाऱ्या माणसाला आपण प्रगत म्हणतो की आजारी, ते वाचकांनीच ठरवावं.

म्हणून 'काउबॉय बीबॉप' ही जपानी मालिका मला पहिल्याच भागात आपली वाटली. १९९८ सालची मालिका, भाग सव्वीस, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे. काळ आहे २०७१ चा. एका अपघातानं पृथ्वीची पार दैना झाली आहे आणि माणसं मंगळावर, गुरूच्या उपग्रहांवर पांगली आहेत. स्पाइक आणि जेट हे दोघे फरारी गुन्हेगार पकडून बक्षिसावर गुजराण करतात. अशांना तिथं काउबॉय म्हणतात. पहिल्या भागात जेट मोठ्या ऐटीत ढोबळी मिरची आणि मांस अशी भाजी पानात वाढतो. स्पाइक उलथापालथ करून पाहतो, तर त्यात मांस नाहीच. मागच्या बक्षिसाचे दहा लाख गेले कुठे? स्पाइकनंच मोडलेल्या दुकानाची भरपाई आणि त्यानंच जखमी केलेल्या पोलिसाचं औषधपाणी, यांत! महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला असा हिशेब ज्यानं ऐकला नाही, त्यानं ही मालिका पाहू नये. त्याला ती कळायची नाही.

ही मालिका 'स्टायलिश' आहे असं सगळे म्हणतात. आहेच. निळा सूट, पिवळा शर्ट, सैल टाय, खिशात हात आणि तोंडात सिगारेट अशा थाटात स्पाइक चालतो, तेव्हा चित्रातला माणूस आहे हे आपण विसरतो. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र तिसऱ्याच भागाला विचारलं, "अहो, याच्याकडे हा एवढा एकच सूट आहे का?"

माझ्या मते या मालिकेवरचं एवढं नेमकं परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नसेल. एकच सूट आहे! राहतं यान म्हणजे मुळात मासेमारीचं जुनं गलबत. जेटचा एक हात धातूचा, पोलिसातली नोकरी सुटलेली, विरंगुळा म्हणून तो कुंडीत बोन्साय वाढवतो. पुढं येऊन मिळणारी फे चोपन्न वर्षं गोठवलेल्या झोपेत होती. जागी झाली ती स्मृती गमावून आणि दवाखान्याचं कर्ज घेऊन. यांच्या भविष्यकाळालाही ठिगळं लावलेली आहेत. म्हणूनच त्यांची ऐट खरी वाटते. कपाटभर सूट असणाऱ्याचा रुबाब हा शिंप्याचा रुबाब. एकच सूट नीट वागवणाऱ्याचा रुबाब त्याचा स्वतःचा असतो.

गंमत अशी की, पैसे घालणाऱ्या खेळण्यांच्या कंपनीला यात फक्त अवकाशयान हवं होतं. यान असू द्या, बाकी हवं ते करा, असं आपल्याला सांगितलं गेल्याचं वातानाबे सांगतात. त्यांनी ते शब्दशः घेतलं. मुलांना खेळणी विकायची सोडून त्यांनी योको कान्नो या संगीतकार बाईंकडून जाझ वाजवून घेतलं. कधीकधी बाईंची चाल आधी यायची आणि ती ऐकून प्रसंग सुचायचा. हे ट्रंपेट आपल्या कानाला परकं वाटत नाही. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) गोव्याच्या चिक चॉकलेटनं ते कधीच आपल्या घरात आणून ठेवलंय.

सगळंच गोड आहे असं नाही. स्पाइकच्या पूर्वायुष्यातली गुन्हेगारी टोळीची कथा मला पातळ वाटते. खलनायकाचं नावच 'व्हिशस', म्हणजे त्याचा स्वभाव बारशालाच ठरलेला! स्पाइकची प्रेयसी ज्युलिया तर माणूस कमी आणि आठवण जास्त. तलवारी आणि पिस्तुलं निघाली की ऐट उरते, जीव जातो. मालिका खरी फुलते ती किरकोळ गोष्टींत. एका भागात फेच्या नावे बीटामॅक्सची एक जुनी कॅसेट येते. दोघे पुरुष पृथ्वीवरच्या पडक्या इमारतीत जिवावर उदार होऊन उतरतात, धापा टाकत यंत्र वर आणतात, आणि ते निघतं व्हीएचएसचं! व्हिडिओ भाड्यानं आणायचे दिवस पाहिलेल्यांना इथं हसू आवरत नाही. पुढं योग्य यंत्र मिळतं आणि कॅसेटमध्ये दिसते शाळकरी फे, मोठेपणीच्या स्वतःला टाळ्या वाजवून धीर देणारी. मोठी फे बघत राहते. तिला यातलं काहीही आठवत नाही.

२०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं खरी माणसं घेऊन हीच मालिका केली. सूट तोच, संगीतही कान्नोबाईंचंच; आणि महिन्याच्या आत ती बंद झाल्याचं जाहीर झालं. ऐट अंगावर चढवता येते असं समजल्यावर दुसरं काय होणार?

ऐट म्हणजे काय, ते चोविसाव्या भागात कळतं. फे निघून जाते. एड नावाची त्यांच्यातली अवखळ पोर जाते आणि तिच्या मागोमाग कुत्राही जातो. यानात जेवायची वेळ झालेली असते. जेट आणि स्पाइक समोरासमोर बसून उकडलेली अंडी खात सुटतात. आपल्या वाटची संपतात, तशी त्या दोघींच्या वाटचीही तोंडात कोंबतात. कुणी अवाक्षर बोलत नाही. पहिल्या भागात माणसं होती आणि मांस नव्हतं; आता खायला आहे आणि माणसं नाहीत.

मुलं नोकरीसाठी परगावी गेली की घरोघरी पहिले काही दिवस भात उरतो. हाताला जुनं माप असतं. रात्री दोघं बसून तो संपवतात, आणि तांदूळ या वेळी जास्तच फुलतो असं काहीतरी बोलतात. आमच्याकडं अंड्यांचा तो भाग संपल्यावर सूटबद्दल कुणी काही विचारलं नाही.